सुदामकाकांची ड्युटीची पोथी

पोथी म्हटलं की तुमचे हात आपोआप जोडले जातील, म्हणून आधीच सांगते मित्रांनो, माझ्यात देव नाही. माझ्यात बोंबील आहेत, बोल्ट आहेत, बाहुल्या, बटणं आणि बॉयलर आहेत. परदेशातून आपल्या देशात येणाऱ्या मालावर सरकार जे आयातशुल्क घेतं, ज्याला सगळे कस्टम ड्युटी म्हणतात, त्याचं मी दरपुस्तक. अंगाने जाडजूड, पाठीची शिवण उसवलेली, वयाने जुनी. सुदामकाका मला पोथी म्हणायचे, म्हणून मी पोथी झाले आणि बाईमाणसासारखी बोलू लागले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फार नाही.

माझा जन्म दोन हजार एकोणीसचा, दिल्लीच्या एका छापखान्यातला. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, अक्षर मोहरीएवढं. काकांनी मला मुंबईत फोर्टातल्या एका दुकानातून विकत घेतलं आणि पिशवीत घालून डहाणूला आणलं. काका तीस वर्षं मुंबईच्या एका कस्टम दलालाकडे नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी डहाणूच्या बाजारामागच्या गल्लीत एका टेबलाचं ऑफिस थाटलं होतं. माझ्याआधी त्यांच्याकडे माझ्या अकरा बहिणी होऊन गेल्या. मी बारावी आणि शेवटची.

ऑफिस लहान, पण माणसं दुरून यायची. चिंचणीहून दागिन्यांचे साचे बनवणारे कारागीर यायचे, त्यांना परदेशी पोलाद हवं असायचं. फुग्यांच्या कारखान्याचे मालक यायचे, त्यांना रबराचा चीक मागवायचा असायचा. सगळ्यांचा प्रश्न एकच. काका, ड्युटी किती बसेल? आणि काकांचं उत्तरही एकच. "दर शेवटी रे बाबा! आधी वस्तू काय आहे ते तर कळू दे."

कारण मित्रांनो, माझ्यात दर शोधणं म्हणजे दुकानाच्या पाटीवर भाव वाचणं नव्हे. जगातली प्रत्येक वस्तू माझ्या कुठल्या ना कुठल्या प्रकरणात बसते. पहिल्या प्रकरणात जिवंत जनावरं, शेवटाकडे चित्रं आणि पुराणवस्तू. प्रत्येक वस्तूला आठ आकडी नंबर. त्यातले पहिले सहा जवळजवळ साऱ्या जगात सारखे, पुढचे दोन आपले. नंबर चुकला की दर चुकला, आणि दर चुकला की माल बंदरावर अडकला. बरं, दरही एकटा नसतो. मूळ ड्युटी, तिच्यावर अधिभार, सगळ्यांच्या डोक्यावर जीएसटी, आणि कुठे सवलतीचं परिपत्रक निघालंय का ते वेगळंच. म्हणून काका आधी वस्तू हातात घेत. ही काय आहे, कशाची आहे, काय काम करते, हे विचारत. मग प्रकरणाच्या सुरुवातीच्या बारीक टिपा वाचत. आळशी माणसं त्या टिपा गाळतात आणि मग कपाळाला हात लावून बसतात.

काकांच्या हाताखाली संगिता होती. डहाणूजवळच्या आगर गावची मुलगी, बापाची मासेमारीची होडी. टायपिंगला म्हणून आली आणि काम शिकत गेली. एकदा काकांनी तिला मासे धरायच्या गळाचा नंबर शोधायला सांगितला. बिचारीने लोखंडाचं प्रकरण पालथं घातलं, माशांचं पालथं घातलं. गळ निघाला पंच्याण्णवाव्या प्रकरणात, खेळणी आणि क्रीडासाहित्यात! पोरगी काय भडकली म्हणता!

"माझा बाप त्या गळावर घर चालवतो काका, आणि सरकार त्याला खेळण्यांत बसवतं?"

काका पोट धरून हसले. "पोरी, तुला काय वाटतं ते पोथीला विचारत नाहीत. गळ म्हणून नाव कुठे लिहिलंय ते बघायचं. नावानिशी नोंद असली की ती आधी, मोघम नोंद नंतर. आणि 'इतर' म्हणून जी ओळ असते ना, ती सगळ्यात शेवटी. तिथे आळशी माणसं जातात."

मला काकांचा एक गुण फार आवडायचा. दरवर्षी फेब्रुवारीत बजेट झालं की ते गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घ्यायचे आणि बदललेल्या दरांच्या चिठ्ठ्या माझ्या पानापानांवर चिकटवत बसायचे. मी फुगून दुप्पट व्हायचे. माझं रूप पार बिघडायचं. मला तेव्हा राग यायचा, खोटं कशाला बोलू! कपाटातली कोऱ्या पानांची डायरी माझ्याकडे बघून नाक मुरडते आहे असं मला वाटायचं. पण बंदरावर डहाणूच्या कागदाला मान होता. नंबर काका काढायचे आणि बंदरातले कागद त्यांचा मुंबईचा जुना दलाल भरायचा. त्याच्याकडे म्हणायचे, काकांकडून आलेला नंबर पुन्हा तपासावा लागत नाही.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत काका अंथरुणाला खिळले. नेमकं त्याच महिन्यात नंबरांची यादीच बदलली. दर काही वर्षांनी सारं जग मिळून ती बदलतं. जुन्या नोंदी फोडतात, नव्या घालतात. संगिताने बदलांचा कागद छापून आणला, खाटेशेजारी बसून काकांना वाचून दाखवला. काका हलक्या आवाजात म्हणाले, "खळ लाव आणि चिकटव." ती हो म्हणाली. घाईत कागदाची घडी घालून तिने ती माझ्या पोटात सरकवली. त्याच आठवड्यात काका गेले. खळ शिजायची राहिली ती राहिलीच.

त्या वर्षीच्या दसऱ्याला संगिताने मला पूजेला घेतलं. दसऱ्याला आपल्याकडे पाटी, पुस्तकं, हत्यारं पुजतात, हे तुम्हाला माहीतच आहे. काकांच्या मागे ऑफिस तीच चालवत होती. काकांची आठवण म्हणजे मी. तिने डोळे पुसत पुसत मला झटकलं, पुसलं, आणि पोथी कशी नीटस दिसावी म्हणून आतले सगळे सुटे कागद काढून रद्दीत टाकले. त्यात ती घडी होती. मग मला लाल कापडात बांधलं, वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

मी तेव्हा गप्प राहिले असं म्हणण्यात अर्थ नाही, मला तोंडच कुठे आहे. पण खरं सांगते मित्रांनो, मला तोंड असतं तरी त्या दिवशी मी बोलले नसते. मला ते लाल कापड आवडलं होतं. सडपातळ झाल्यासारखं वाटत होतं.

पुढे दोन-अडीच वर्षं काही बिघडलं नाही. गिऱ्हाइकं ठरलेली, माल ठरलेला, मागच्या कागदावरून पुढचा कागद. कुठे जुना नंबर किंवा दर गेलाच तर मुंबईत दलालाकडे एक जुने गृहस्थ होते, ते गुपचूप सुधारून घ्यायचे. संगिताला वाटायचं, पोथी बरोबर आहे. मलाही तसंच वाटायचं. मग ते गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर नविन नावाचा तरुण कारकून आला.

आणि गेल्या वर्षी, होळीला महिना असताना, रानशेत गावच्या हिरीताई ऑफिसात आल्या. रानशेतला एकोणीस बायकांचा गट आहे, हिरीताई त्याच्या प्रमुख. या बायका दर वर्षी कामासाठी वसईकडे जायच्या, नाक्यावर उभ्या राहायच्या, कोण बोलावेल तिकडे विटा-रेती वाहायच्या. त्यांनी ठरवलं होतं, यंदा जायचं नाही. चिकूच्या दोन वाड्या वर्षभरासाठी घेतल्या होत्या. फळं कापून, वाळवून विकायची. त्यासाठी सरकारी मदत मंजूर झाली होती आणि तैवानहून कपाटाएवढं वाळवणी यंत्र यायचं होतं.

"ताई, आम्ही व्यापाऱ्याला नाय म्हणून सांगितलंय," हिरीताई म्हणाल्या. "फळ त्याला द्यायचा नाय. यंत्र टायमावर आलं तर आमचं काम झालं. नाय आलं तर एकोणीस बायका परत नाक्यावर."

"येईल हो! काकांची पोथी आहे ना," संगिता म्हणाली. तिने लाल कापड सोडलं, मला नमस्कार केला आणि पान उघडलं. काकांसारखंच तिने यंत्राचं माहितीपत्रक आधी वाचलं. विजेवर चालतं, पण म्हणून विजेच्या सामानाच्या प्रकरणात जात नाही. गरम हवेने माल सुकवणारं यंत्र, म्हणजे चौऱ्याऐंशीवं प्रकरण. टिपा वाचल्या. शेतमाल वाळवणारी यंत्रं, अशी नावानिशी नोंद तिला सापडली. माझा ऊर भरून आला. किती छान शोधलं पोरीने! पद्धत सोळा आणे खरी होती. फक्त पान मेलेलं होतं. ती नोंद बावीस सालीच फोडून दोन नव्या नंबरांत गेली होती.

यंत्र जहाजातून उतरायला दोन दिवस असताना नविनचा फोन आला. "मॅडम, सिस्टम हा नंबर घेतच नाही. असा नंबर नाही म्हणते."

"नाही कसा? माझ्यासमोर छापलेला आहे!"

"मग काय टाकू? आजच्या आज कागद भरायचाय."

संगिताने माझ्या पानावरून बोट खाली नेलं. शेवटची ओळ होती, 'इतर'. काका काय म्हणायचे ते तिला आठवलं असणार, पण काकांच्या पोथीवर शंका घ्यायची म्हणजे काकांवरच घ्यायची, असं तिचं मन झालं होतं. "इतरमध्ये टाक," ती म्हणाली. आणि नविनने टाकलं.

तपासणी अधिकाऱ्याने माहितीपत्रकावर फळांचे फोटो पाहिले आणि विचारलं, हे तर शेतमालाचं यंत्र, मग 'इतर' का? कागद अडला. यंत्र बंदरावर, आणि इकडे रानशेतला बायकांनी यंत्र येतंय या भरवशावर पहिल्या वाडीतलं फळ काठीच्या जाळीने उतरवून ठेवलेलं. चिकू एकदा उतरवला की चार-पाच दिवसांत मऊ पडतो. होळीच्या उन्हात तर त्याहून लवकर.

हिरीताईंचा फोन आला. तेव्हा संगिताने जे सांगितलं ते मला आजही टोचतं. "आपलं सगळं बरोबर आहे ताई. काकांची पोथी चुकत नाही. ते साहेबच मुद्दाम अडवतायत, त्यांना काहीतरी हवं असेल."

असं म्हणायला तिच्याकडे कसलाच आधार नव्हता. साहेबाने फक्त एक साधा प्रश्न विचारला होता. पण माझ्यावर तिचा एवढा विश्वास, की तिने अनोळखी माणसाला चोर ठरवलं. मित्रांनो, लोक म्हणतात विश्वासाने माणूस मोठा होतो. मी त्या दिवशी लाजेने अर्धी झाले.

तिसऱ्या दिवशी हिरीताई स्वतः आल्या. हातात टोपली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. चिकूंना सुरकुत्या पडल्या होत्या, दोन फुटले होते, आंबूस वास सुटला होता. माशा बरोबरच आल्या होत्या.

"काल रात्री बायका म्हणाल्या, चला, सगळ्या मिळून त्या सायबाकडे जाऊ. पायाशी बसू," हिरीताई म्हणाल्या. "जिजाने तर नवऱ्याला सांगून ठेवलंय, सोमवारी वसईला निघते. ताई, सायबाला काय पायजे ते नीट सांगा. आम्ही मागून आणतो, पण सांगा."

संगिताचा चेहरा उतरला. तिने हिरीताईंना पाणी दिलं आणि कॉम्प्युटरवर सरकारची चालू यादी उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. चौऱ्याऐंशीवं प्रकरण, तेच शीर्षक, तीच यंत्रं. माझ्या पानावरचा नंबर तिथे नव्हता. त्याच्या जागी दोन नवे होते, आणि त्यातला एक हिरीताईंच्या यंत्राचाच. तिने मला पुढ्यात ओढलं, पहिलं पान काढलं आणि छापलेलं साल पाहिलं. मग हळूच म्हणाली, "खळ लाव म्हणाले होते."

"कोण?" हिरीताईंनी विचारलं.

"काका. मी लावली नाही. आणि तो कागद मीच फेकला." तिला रडू कोसळलं. "हिरीताई, साहेबाला काही नकोय हो. चूक माझी आहे."

हिरीताई टोपलीतल्या माशा हाकत राहिल्या.

नंबर बदलून मिळावा म्हणून लेखी खुलासा द्यायचा होता. संगिताने मजकूर फोनवर वाचून दाखवला तेव्हा नविन दचकला. "मॅडम, 'माझी चूक' वगैरे कशाला लिहिता? टायपिंगची चूक लिहा ना. सगळे तेच लिहितात. नाहीतर पुढे आमचे लोक तुमचा प्रत्येक नंबर तपासतील."

"तपासू देत," संगिता म्हणाली. "टायपिंग बरोबर होतं."

संध्याकाळी तिने मला पिशवीत घातलं आणि हिरीताईंबरोबर रानशेतला नेलं. तिथे ओटीवर बायका बसल्या होत्या, मागे चिकूचा ढीग गोणपाटाखाली झाकलेला. संगिताने मला उघडलं. हे पान जुनं, हे मी तपासलं नाही, साहेबाने अडवलं ते बरोबर अडवलं, असं सगळं तिने उभ्या उभ्या सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. कोणी ओरडलं नाही, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी बुधीबाई बोलली. गटातली सगळ्यात थोरली, रेती वाहून वाहून पाठ वाकलेली. "बाय, फळ सडलं ता सडलं. झाड परत देल. पण त्या सायबाला आम्ही तीन दिस शिव्या देत बसलो, त्याच्या पोराबाळांना बोललो. त्याचं काय करायचं?"

संगिताने मला मिटलं. माझी साडेबाराशे पानं आहेत मित्रांनो, त्यात याची नोंद नव्हती.

यंत्र सुटलं, पण मध्ये होळीची सुट्टी आली आणि ते रानशेतला पोचायला आणखी आठ दिवस गेले. पहिल्या वाडीचं फळ खड्ड्यात पुरावं लागलं. जिजा आणि आणखी तिघी सोमवारी वसईला निघून गेल्या आणि त्या मोसमात परतल्या नाहीत. उरलेल्या पंधरा जणींनी दुसऱ्या वाडीचं फळ वाळवलं. संगिता दर रविवारी चिकू सोलायला जात होती. कोणी तिला बोलावलं नव्हतं, कोणी निघून जा म्हटलं नाही. चिकूच्या चिकाने माखलेल्या तिच्या बोटांचे काळे डाग माझ्या पानांवर उमटले आहेत.

लाल कापड आता कपाटात आहे. संगिताने माझ्या पहिल्या पानावर लाल पेनाने ठळक लिहिलं, 'ही २०१९ची आवृत्ती आहे. यातून दर घेऊ नये.' मला लागलं. ज्या कामासाठी छापली गेले, तेच काम माझ्याकडून काढून घेतलं, वाईट नाही का वाटणार? आता ती मला कामाची रीत शिकवायला वापरते. आमच्याकडे शिकायला प्राजक्ता नावाची मुलगी येते, तिला टिपा कशा वाचायच्या ते माझ्यावरून दाखवते आणि नंबर मात्र ताज्या यादीतून काढायला लावते.

परवा हिरीताई पुन्हा आल्या. वर्षभरात पहिल्यांदाच. वाळवलेल्या फोडींच्या पिशव्या बंद करायचं यंत्र त्यांना बाहेरून मागवायचं होतं. संगिता खुर्चीतून उठूनच उभी राहिली. डहाणूत दुसरा माणूस नव्हता असं नाही, तरी त्या आल्या होत्या. संगिताने नंबर काढला, दर काढला, छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. हिरीताईंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला. मग संगिताच्या डोळ्यांत बघून विचारलं, "ताई, हा कागद कधीचा?"

संगिताचे कान लाल झाले. पण तिने कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. "आज सकाळचा. आणि यंत्र उतरायच्या आदल्या दिवशी पुन्हा काढून दाखवते."

"दाखव," हिरीताई म्हणाल्या आणि मगच बाकावर बसल्या.

मित्रांनो, म्हाताऱ्या बाईला वय विचारू नये म्हणतात. मला विचारा. घरात, शाळेत, कचेरीत माझ्यासारखी पुस्तकं असतील, त्यांना पुसा, शिवा, वाळवीपासून जपा, पण कामाला घेण्याआधी वय विचारा. मला सहा वर्षांत एकानेही विचारलं नाही. एकोणीस बायकांतल्या चौघी त्यापायी नाक्यावर उभ्या राहिल्या.